तांगेतच्या सात गाठी

बेपत्ता माणसांची चौकशी करायला रेड क्रॉसची माणसं तोबेरुकी गावात येणार असं ठरलं, तेव्हा स्वागत समितीचा अध्यक्ष कोण व्हावा? तर ब्लेझियस. लढाईच्या दिवसांत ज्याच्या तपासणीच्या नाक्यावर गेलेली माणसं परत आली नाहीत, तोच आता चर्चच्या दारात चाफ्याचे हार घेऊन उभा होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

बिबियाना तिसऱ्या बाकावर बसून हे बघत होती. चौसष्ट वर्षांची ही बाई गरुड कुळातली सगळ्यांत थोरली. म्हणजे ओढ्यापासून चर्चच्या टेकडीपर्यंत कोण कुठे घर बांधणार आणि कोण कुठे रताळी लावणार, ते तिच्या शब्दावर. बुगनव्हिल बेटावरच्या या डोंगरात जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि पुरुष लग्न करून बायकोच्या जमिनीवर राहायला येतो. ब्लेझियसही तसाच आलेला. बिबियानाच्या मावशीची मुलगी लिओकाडिया, तिचा तो नवरा. आधी बंडखोर पोरांचा म्होरक्या, मग शांतता समितीचा अध्यक्ष. पण काही झालं तरी या कुळाचा घरजावईच.

बिबियानाचा धाकटा भाऊ हिलेरियन सव्वीस वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. दवाखान्यात मदतनीस होता. बंड मोडायला सरकारने बेटाची नाकेबंदी केली होती. मीठ नाही, साबण नाही, हिवतापाची गोळी नाही. डोंगरावरच्या छावणीत पोरं तापाने फणफणत होती. हिलेरियन किनाऱ्यावर, फौजेच्या ताब्यातल्या भागात, मिशनच्या सिस्टरांकडून औषध आणायला निघाला. पिशवीवर त्याने लाल कापडाची फुली शिवली होती आणि कमरेला तांगेतचं पान खोचलं होतं. तांगेतचं लांब लालसर पान ज्याच्या अंगावर, त्याला भांडणात हात लावायचा नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी तो परत आला नाही. तेव्हापासून बिबियानाने मेजवानीतलं डुकराचं मांस तोंडात घातलं नव्हतं. भाऊ घरी आल्यावर खाईन, म्हणायची. हाडं का होईनात, पण घरी आल्यावर.

रेड क्रॉसकडून आलेली बाई फिजीची होती, लितिया नावाची, पस्तिशीची. तिने हार काढून बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत बोलायला लागली. म्हणाली, देशादेशांतल्या लढाईला नियम आहेत तसे एकाच देशातल्या आपसांतल्या लढाईलाही आहेत. जो लढत नाही त्याला मारायचं नाही. ज्याने हत्यार टाकलं त्याला मारायचं नाही. जखमी कुणाच्याही बाजूचा असो, त्याला उचलायचं. औषध नेणाऱ्याला अडवायचं नाही. मेलेल्याला शोधायचं, नीट पुरायचं, त्याच्या घरच्यांना कळवायचं. हे सरकारी फौजेलाही लागू आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांनाही लागू.

बिबियाना उभी राहिली. "पोरी, हा कायदा कधी झाला?"

"मुख्य कायदा एकोणीसशे एकोणपन्नास साली झाला, मावशी."

"माझा भाऊ त्र्याण्णवला गेला. म्हणजे तुझा कायदा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या होता."

"हो."

"मग एवढ्या वर्षांत त्याला आमचा डोंगर चढवला नाही होय? गुडघे दुखत होते का त्याचे?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. लितिया मात्र हसली नाही. "आम्हाला बरीच वर्षं इथे येऊच दिलं नाही, मावशी. आणि येऊ दिलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी काय सांगू?"

हे उत्तर बिबियानाला आवडलं नाही, पण बाई खोटं बोलत नाही एवढं तिला पटलं. लितियाने मग एक फॉर्म काढला. बेपत्ता माणसाचं नाव, वय, अंगावर काय होतं, शेवटचं कुणी कुठे पाहिलं. बिबियानाने पहिली तीन उत्तरं बसल्याजागी दिली. चौथ्याला ती पुन्हा उभी राहिली.

"कॉस्मस होता, नदीवर तराफा चालवायचा तो. गेल्या साली मेला. मरायच्या आधी मला बोलावून म्हणाला, 'हिलेरियनला मीच नदीपार सोडला. वर चढला आणि नाक्यावर गेला. नाक्यावर ब्लेझियस होता.' लिही. शेवटचं पाहिलं: ब्लेझियसच्या नाक्यावर."

ब्लेझियस पहिल्या बाकावरून सावकाश उठला. साठीचा झाला होता, पण आवाज अजून हुकूम देणाऱ्याचाच होता.

"आक्का, तुमचं दुःख मी समजतो. पण आपण सगळ्यांनी मिळून शांतीचा दगड पुरलाय. दोन्ही बाजूंनी बाण मोडले, एका पानातली सुपारी खाल्ली. त्या दिवशी काय बोललो आपण? हा दगड वर येईल तेव्हाच भांडण वर येईल. आता जुनी मढी उकरू नका."

"मढंच उकरायचंय मला, जावईबापू," बिबियाना म्हणाली. "कुठे पुरलंय तेवढं सांगा."

"लढाईत शंभर माणसं येत-जात होती. मला काय माहीत!"

लितिया मध्ये पडली. तिने दोनदा सांगितलं की आम्ही मारलं कुणी हे विचारत नाही, ते कोर्टाचं काम. आम्ही फक्त कुठे ते विचारतो. बिबियाना तिच्यावरच उखडली.

"एवढा मोठा कायदा, आणि 'कुणी' म्हणायला त्याची जीभ अडखळते?"

"कुणी असं विचारलं ना मावशी, तर कुठे ते कुणीच सांगत नाही. आणि मग हाडं मिळत नाहीत."

यावर बिबियाना खाली बसली. बोलणं कडू होतं, पण खरं होतं.

घरी जाताना वाटेत लिओकाडियाने तिला गाठलं.

"भर सभेत माझ्या नवऱ्याची अब्रू काढलीस, आक्का! त्या परक्या बाईसमोर!"

"कुठे पुरलंय तेवढंच विचारलं."

"पुरायला तो मेला कुठे? पळाला तो. सगळ्यांना ठाऊक आहे. किनाऱ्यावर फौजेने साखर-तांदूळ दाखवला, तिकडेच राहिला. माझी अगाथा तापाने तडफडत होती. तीन वर्षांचं पोर. मीच त्याला म्हटलं होतं, 'दादा, तिच्यापुरतं तरी आण.' 'आणतो' म्हणाला. सहा दिवस वाट बघितली मी. सातव्या दिवशी ह्यांनी येऊन सांगितलं, तुझा दादा औषधासकट पळाला, आणि त्याच संध्याकाळी पोर गेली." लिओकाडियाने पदराने नाक पुसावं तसं ब्लाउजच्या बाहीने पुसलं. "सव्वीस वर्षं मी त्याला शिव्या देतेय, आक्का. आणि देतच राहणार."

बिबियानाला ते नेहमीसारखं लागलं. गावात हिलेरियनला पळपुटा म्हणणारे पुष्कळ होते, पण लिओकाडियाने म्हटलं की ते आतपर्यंत जायचं. तिला भावाची हाडं हवी होतीच. पण त्याच्या नावाला लागलेली ही घाणही धुवून हवी होती. दोन्हींची किल्ली एकाच माणसाजवळ होती, आणि तो माणूस घरी जाऊन आरामात सुपारी चघळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबियानाने कोयता घेतला, कुंपणाची तांगेतची पानं कापली आणि गाठी मारायला निघाली. जमिनीच्या मालकिणीने बाहेरून आलेल्या कुणाचं नाव घेऊन वाटेवर तांगेतची गाठ बांधली की त्याने ती ओलांडायची नाही. कुळातल्या माणसांना मोकळीक असते, मनाई त्या बाहेरच्यालाच. तिने सात गाठी बांधल्या. कोकोच्या भट्टीवर, पाणवठ्यावर, रताळ्याच्या मळ्यापाशी, नारळीत, ओढ्याच्या उतारावर, चर्चच्या वाटेवर आणि सातवी ब्लेझियसच्या अंगणाच्या तोंडाशी. लिओकाडिया कुठेही जाऊ शकत होती, कारण ती या मातीची. तिचा नवरा मात्र अंगणात अडकला. भाऊ सापडला की गाठी सोडीन, असं बिबियानाने गावाला सांगून ठेवलं.

लितिया तेव्हा गावातच होती. तिला कुणीतरी सांगितलं, म्हातारीने अध्यक्षांना कोंडलंय. ती धावत आली.

"मावशी, असं माणसाला डांबून ठेवणं बरोबर नाही."

"कुठे डांबलंय? कुलूप आहे का? पहारेकरी आहे का? पान आहे. त्याला वाटलं तर ओलांडून जावं त्याने. कोण अडवतंय?"

"मग तो जात का नाही?"

"ते त्याला विचार," बिबियाना म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षांचा कायदा बंदुकीच्या धाकाने तोडला त्याने. तांगेतही तोडलंय एकदा. आता पुन्हा तोडून दाखव म्हणावं, सगळ्या गावादेखत."

लितियाने अंगणात जाऊन ब्लेझियसला विचारलं, तुम्हाला बाहेर पडायला मदत हवी का. तो हसून म्हणाला, घरगुती रुसवाफुगवा आहे, होईल शांत. ती शहरात परत गेली. जाताना सांगून गेली, काही कळलं तर निरोप द्या, हाडं ओळखणाऱ्या माणसाला घेऊन येते.

पहिले तीन दिवस गावाला गंमत वाटली. पोरं पानापाशी येऊन ब्लेझियसकाकांना हात करून जायची. चौथ्या दिवशी भट्टीतला त्याचा कोको आंबला आणि गंमत संपली. पाचव्या दिवशी ब्लेझियसने एक गलेलठ्ठ डुक्कर पाठवलं. बिबियानाने ते तसंच परत पाठवलं. निरोप दिला, 'मी मांस केव्हा खाणार ते तुम्हाला माहीत आहे.' रविवारी चर्चची घंटा वाजली तेव्हा अख्खं गाव त्या अंगणावरून गेलं आणि अध्यक्ष इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बायबल हातात घेऊन, पानाच्या आतल्या बाजूला उभे. पाद्रीबाबांचा मदतनीस बिबियानाची समजूत घालायला गेला.

"क्षमा करायला शिका, आक्का. झालं गेलं गंगेला..." असं आपण म्हणतो तसं तो तिथल्या नदीचं नाव घेऊन काहीतरी म्हणाला.

"क्षमा केली की मी! दगड पुरला तेव्हा केली. जमीन कुणी दिली दगडाला? मी दिली. आता मी काय मागतेय? त्याचं डुक्कर मागत नाही, पोलीस मागत नाही. माझा भाऊ मागतेय. क्षमा करणारीने काहीच मागायचं नाही, आणि क्षमा घेणाऱ्याने काहीच द्यायचं नाही, हे कुठल्या बायबलात लिहिलंय?"

मदतनीसाला ते कुठल्या बायबलात लिहिलंय ते आठवेना. तो गेला.

नवव्या दिवशी सकाळी लिओकाडिया बिबियानाच्या दारात आली. डोळे खोल गेले होते. तिने हात धरून बिबियानाला उठवलंच.

"चल. आज हे संपवायचं. तुझ्यासमोर ते पानावर हात ठेवतील आणि सांगतील, मला माहीत नाही म्हणून. मग तू गाठी सोडशील. आहे कबूल?"

"कबूल," बिबियाना म्हणाली. "पानावर हात ठेवून म्हणाला तर मी हिलेरियनला पळपुटा म्हणेन आणि आज रात्री तुझ्याकडे मांसही खाईन."

तांगेतवर खोटी शपथ घेणाऱ्याचं पोट फुगतं आणि तो त्यातच जातो, असं मानतात. खरं खोटं देव जाणे. पण आजवर कुणी करून पाहिलेलं नाही. दोघी अंगणाच्या तोंडाशी आल्या. शेजारपाजारचे चारदोन जण थबकले. लिओकाडियाने नवऱ्याला हाक मारली. तो आला, पानाच्या आतल्या बाजूला उभा राहिला.

"ह्यावर हात ठेवा," ती म्हणाली. "आणि म्हणा, हिलेरियनचं काय झालं ते मला माहीत नाही. एवढंच म्हणा. आक्काने कबूल केलंय."

ब्लेझियस हसला. "बायकांचे खेळ..."

"खेळ तर खेळ. ठेवा हात."

त्याने हात पुढे केला. चर्चमध्ये बोलला होता, समितीत बोलला होता, रेड क्रॉसच्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलला होता. हात पानापासून वितीवर आला आणि तिथेच राहिला. लिओकाडिया त्या हाताकडे बघत होती. पस्तीस वर्षं ज्या हाताला तिने जेवण वाढलं, तो हात मागे गेला.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ठेवा ना."

"नाही ठेवता येत," ब्लेझियस म्हणाला.

मग बिबियानाने विचारलं, "कुठे?"

"गालिपच्या झाडाखाली."

"शाळेजवळच्या? दगडाच्या शेजारी?"

"शेजारी नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दगडाखाली."

बिबियानाला क्षणभर कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. दगड ओढ्याकाठी पुरायचं ठरलं होतं. ब्लेझियसनेच म्हटलं होतं, ओढ्याला पूर येतो, वर शाळेजवळ पुरूया. तीच म्हणाली होती, माझी जागा आहे, घ्या. दरवर्षी तिथलं गवत तो स्वतः कापायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. गाव म्हणायचं, बघा, किती पश्चात्ताप झालाय. दरवर्षी त्या दगडाभोवती नाच व्हायचा आणि बिबियाना त्यात पहिली असायची. अठरा वर्षं ती आपल्या भावाच्या छातीवर नाचत होती. हा माणूस बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"नालायका," ती म्हणाली. यापेक्षा मोठी शिवी तिला त्या वेळी सापडली नाही.

"आक्का, मी म्हटलं, तिथे दरवर्षी प्रार्थना तरी होईल. त्यालाही..."

"त्याच्यासाठी नाही पुरलास तो दगड! दगड हलवला की भांडण उठतं ना? म्हणून कुणी कधी खणणार नाही. तुझं पाप राखायला अख्ख्या गावाला बसवलंस तू. शांतीला राखणदार केलंस!"

लिओकाडिया हळूच म्हणाली, "म्हणजे दादा पळाला नव्हता?"

ती आत गेली नाही आणि बाहेरही आली नाही, तिथेच पानापाशी मातीत बसली.

निरोप मिळून त्यानंतर तिसऱ्या दिवशी लितिया आली. बरोबर हाडांची पारख असलेला एक पोक्त माणूस होता, खोकी आणि ब्रश घेऊन. पण दगडाला कोण हात लावणार? जो उचलेल त्याच्या डोक्यावर जुनं भांडण बसेल, अशी भीती. जाणती माणसं मागे सरली. लितियाही म्हणाली, दगड तुमचा आहे, आमच्या माणसांनी हलवणं बरोबर होणार नाही.

बिबियाना पुढे झाली. "ज्याने पुरला तो उचलेल. ह्याला शांतीचा दगड म्हणत होतो ते आपण चुकीचं म्हणत होतो. हे झाकण आहे. झाकण ठेवणाऱ्यानेच काढायचं असतं." आणि तिने ब्लेझियसच्या हातात पहार दिली. त्याच्यासाठी तिने सातवी गाठ आणि शाळेवरून जाणाऱ्या चर्चच्या वाटेवरची गाठ तेवढी सोडली होती.

अध्यक्षांनी पहार घातली. दोनदा घसरली. गावातला एकही पुरुष पुढे झाला नाही. तासाभराने दगड कलला आणि बाजूला पडला. पुढचं काम त्या पोक्त माणसाने केलं, गुडघ्यावर बसून, ब्रशने, कुणाच्या तरी झोपलेल्या मुलाच्या अंगावरची धूळ झटकावी तसं. दुपारपर्यंत हिलेरियन दिसायला लागला. डाव्या हाताचं लहानपणी मोडलेलं हाड वाकडंच जुळलं होतं, ते बिबियानाने लांबूनच ओळखलं. ती रडली नाही. म्हणाली, "झाडावरून पडला होता. मीच चढ म्हटलं होतं."

त्याच्या कुशीत पिशवी होती. कापड कुजलं होतं, पण आतला पत्र्याचा डबा शाबूत होता. झाकणाला मेण लावून बंद केलेला. सिस्टर तसाच द्यायच्या, पावसाने भिजू नये म्हणून. पोक्त माणसाने तो सोडवला आणि उघडला. आत गंजलेल्या बुचांच्या काचेच्या बाटल्या होत्या, चिंध्यांत गुंडाळलेल्या, एकही फुटलेली नव्हती. आणि एका बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधलेला प्लास्टिकचा गुलाबी चमचा. बोटभर. लहान पोरांना औषध पाजायचा असतो तो.

लिओकाडिया खड्ड्याच्या काठावर बसली होती. तिने हात पुढे केला. लितियाने त्या पोक्त माणसाकडे पाहिलं, आणि त्याने चमचा तिच्या तळहातावर ठेवला. मान न वळवता ती म्हणाली, "उघडून पाहिला होता का डबा?"

ब्लेझियस पहार धरून उभा होता. "सरकारी शिक्का होता. सरकार औषधात विष घालतं असं सगळेच म्हणायचे. नाक्यावरच्या पोरांना मी म्हटलं, हात लावू नका. तसाच..."

"तो काय म्हणाला?"

"कोण?"

"दादा. काहीतरी म्हणाला असेल ना. मुका नव्हता तो."

लिओकाडियाने पुन्हा विचारलं, आणि आता तिने 'तुम्ही' सोडलं होतं. "सांग. काय म्हणाला?"

"म्हणाला, 'तुझ्याच लेकीचं आहे.' मला वाटलं, जीव वाचवायला म्हणतोय."

बिबियानाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण त्याच्या अंगावर धावून जाऊ. पण ती धावली नाही. लिओकाडियाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सव्वीस वर्षं जी बाई तिच्या भावाला शिव्या देत होती, तिच्याच पाठीवर.

"घरी आलास तेव्हा तुला कळलं असेल," लिओकाडिया म्हणाली. "पोर कशाने चाललीय ते बघितलंस तू. तेव्हा तो डबा इथे होता. छावणीपासून दोन तासांच्या वाटेवर. आणि तू मला सांगितलंस, तुझा दादा पळाला."

"मला धीर झाला नाही," ब्लेझियस म्हणाला. हे मात्र त्याने खरं सांगितलं.

संध्याकाळ व्हायच्या आत हाडं पांढऱ्या कापडात बांधून खोक्यात ठेवली. लितिया फॉर्म घेऊन बिबियानाजवळ आली. फॉर्मच्या शेवटी एक रकाना रिकामा होता. मृत्यूसमयी परिस्थिती, असं काहीसं. लितिया म्हणाली, इथे बहुतेक जण 'लढाईत' असं लिहितात.

"लढाईत नव्हता तो," बिबियाना म्हणाली. "लढाई त्यांची चालू होती. लिही: औषध आणत होता."

लितियाने तसंच लिहिलं, आणि बिबियानाने खाली अंगठा उठवला आणि शेजारी आपलं नावही काढलं.

मग ती शब्दाला जागली. उजेड होता तोवर सगळ्या वाटांवर फिरली आणि उरलेल्या गाठी एकेक करून सोडल्या. भट्टीवरची, पाणवठ्यावरची, मळ्यावरची. सव्वीस वर्षांत शिकली होती ती एवढंच, की बोललेलं मोडायचं ते दुसऱ्यांनी, आपण नाही. वाळलेली पानं ओच्यात गोळा करून ती लिओकाडियाच्या अंगणाशी आली. तिथे लिओकाडिया उभी होती. ब्लेझियसची कपड्यांची ट्रंक, कोयता आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट तिने बाहेर वाटेवर नीट रचून ठेवलं होतं. तो त्यांच्या शेजारी उभा होता, साठीचा माणूस, आईच्या गावची वाट किती लांब आहे याचा अंदाज घेत असल्यासारखा.

"दे इकडे," लिओकाडिया म्हणाली.

"काय?"

"पानं."

बिबियानाने ओचा उघडला. लिओकाडियाने त्यातलं लांबातलं लांब पान निवडलं, अंगणाच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये ताणलं आणि गाठ मारली. ती सैल बसली. तिने ती सोडली आणि दुसऱ्यांदा घट्ट मारली.